एका रिगमागे किती उत्पादन? शेल भागांची तुलना करताना हा आकडा नेमका काय सांगतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पुण्यात एका अ‍ॅनालिटिक्स टीममध्ये आहात, अमेरिकेतल्या शेल भागांचा (शेल म्हणजे तेल-गॅस धरून ठेवणारा घट्ट दगड, रिग म्हणजे विहीर खोदायचं मोठं यंत्र) "दर रिगमागे नवं उत्पादन" हा आकडा घेऊन तुम्ही एक तक्ता केलात, गॅस आणि तेल एका मापात यावं म्हणून गॅसला सहाने भागून बॅरलमध्ये आणलंत, आणि त्यात अ‍ॅपलेशिया (पेनसिल्व्हेनियाकडचा गॅसचा भाग) सगळ्यात वर आणि पर्मियन (वेस्ट टेक्सासकडचा तेलाचा भाग) बराच खाली आला. आता तुमचे मॅनेजर विचारतायत की असं असेल तर देशातल्या चालू रिग्जपैकी जवळपास निम्म्या पर्मियनमध्येच का, तिथल्या रिग्ज आणि क्रू कमी कार्यक्षम आहेत का?

नाही, तसं नाहीये. पण "नाही" म्हणून सोडून देण्यासारखाही हा प्रश्न नाही, कारण हा तक्ता मी बऱ्याच प्रेझेंटेशन्समध्ये बघितलाय आणि त्यावरून चुकीचे निष्कर्ष काढलेलेही बघितलेत. मी ड्रिलिंग इंजिनिअर आहे, सुरुवात मुंबई हायला झाली, नंतर वेस्ट टेक्सास आणि लुईझियाना इथे जमिनीवरच्या रिग्जवर काम केलं, त्यामुळे मी हे रिगच्या बाजूने सांगतोय. रिझर्व्हॉयरवाला (जमिनीखालच्या साठ्याचा अभ्यास करणारा) किंवा फायनान्सवाला थोडं वेगळ्या क्रमाने सांगेल.

आधी खरा प्रश्न काय आहे ते बघू. तुम्हाला वाटतंय की तुम्ही रिगची कामगिरी मोजताय. प्रत्यक्षात तुमच्या हातात तीन गोष्टींचा गुणाकार आहे. एक, रिग महिन्याला किती विहिरी खोदते. दोन, खोदलेल्या विहिरींपैकी किती फ्रॅक होऊन (म्हणजे पाणी आणि वाळू दाबाने सोडून दगडाला भेगा पाडून) चालू होतात. तीन, चालू झालेली विहीर पहिल्या पूर्ण महिन्यात रोज सरासरी किती देते. यातली फक्त पहिली गोष्ट रिगच्या हातात आहे, आणि तीही पूर्ण नाही. दुसरी कंपनीच्या पैशाच्या गणितावर आणि फ्रॅक क्रूच्या उपलब्धतेवर, तिसरी बहुतांशी दगडावर आणि कम्प्लिशनच्या, म्हणजे खोदलेली विहीर उत्पादनासाठी तयार करण्याच्या, डिझाइनवर. आपल्याकडे बोअर मारायची गाडी एकाच दिवसात शेजारच्या दोन गावांत बोअर मारते, एकीकडे अडीच इंची पाणी लागतं आणि दुसरीकडे नुसती धूळ उडते, तेव्हा गाडी चांगली की वाईट असं कोणी विचारत नाही, पण शेलच्या तक्त्यात सगळेच तो प्रश्न गाडीला विचारतात.

हा आकडा आला कुठून तेही सांगतो. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या ईआयए या आकडेवारी संस्थेने ऑक्टोबर २०१३ मध्ये ड्रिलिंग प्रॉडक्टिव्हिटी रिपोर्ट सुरू केला. सुरुवातीला सहा भाग होते: बाकेन (नॉर्थ डकोटाकडे), ईगल फोर्ड (दक्षिण टेक्सास), हेन्सव्हिल (लुईझियानाकडे), मार्सेलस, नायोब्ररा आणि पर्मियन. नंतर युटिका आलं, २०१७ मध्ये अ‍ॅनाडार्को जोडलं आणि मार्सेलस-युटिका एकत्र करून अ‍ॅपलेशिया केलं. त्याआधी लोक नुसता रिग काउंट बघून उत्पादनाचा अंदाज बांधायचे आणि तो सारखा चुकायचा, कारण रिग्ज कमी होऊनही उत्पादन वाढत होतं. म्हणून ईआयएने भागानुसार नव्या विहिरींचं पहिल्या पूर्ण महिन्याचं उत्पादन घेतलं, त्याला दोन महिने आधीच्या रिग काउंटने भागलं, आणि जुन्या विहिरींची घट वेगळी दाखवली. एका भागाचं पुढच्या महिन्याचं उत्पादन किती असेल याचा अंदाज बांधायचं ते साधन होतं. भागांची एकमेकांशी शर्यत लावायचं साधन म्हणून ते बनलंच नव्हतं. जून २०२४ नंतर तो वेगळा रिपोर्ट बंद झाला आणि ती माहिती ईआयएच्या दरमहाच्या शॉर्ट-टर्म एनर्जी आउटलुकमध्ये गेली. माझ्या मते ही चांगली गोष्ट झाली, कारण तिथे आता दर रिगमागे किती विहिरी खोदल्या, किती कम्प्लीट झाल्या, न फ्रॅक केलेल्या किती उरल्या, हे वेगवेगळं मिळतं. म्हणजे मी वर सांगितलेला गुणाकार तुम्हाला बऱ्यापैकी उलगडता येतो.

आता पहिला भाग, रिगचा वेग. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण तक्ता करणाऱ्यांना हे दिसतच नाही.

कोलोराडोतल्या डीजे बेसिनमध्ये (ईआयएच्या नायोब्रराचा मोठा भाग) टार्गेट (ज्या थरात विहीर न्यायची तो) साधारण ७,००० फुटांवर आहे, दगड मवाळ आहे, दोन मैल आडवा भाग असलेली विहीर आठवड्याच्या आत खोदून होते. मिडलँड बेसिनमध्ये (पर्मियनचा पूर्वेकडचा भाग) चांगली रिग असेल तर दहा-बारा दिवसांच्या आसपास. हेन्सव्हिलला मात्र टार्गेटच १०,५०० ते १३,५०० फुटांवर आहे, प्रेशर प्रचंड, आणि खालचं तापमान ३०० फॅरनहाइटच्या वर जातं. तिथे महिन्याच्या आसपास वेळ लागला तर कोणी आश्चर्य मानत नाही. क्रू तेवढीच मेहनती, रिगही बहुतेक तीच: १,५०० हॉर्सपॉवरची, ७,५०० पीएसआय दाबाचे मड पंप (मड म्हणजे खोदताना विहिरीत फिरवायचा चिखलासारखा द्रव), पॅडवर (अनेक विहिरी एकत्र खोदायची जागा) स्वतः चालत सरकणारी, जिला सुपर-स्पेक म्हणतात ती.

हेन्सव्हिलमध्ये दिवस कसे जातात याचं एक उदाहरण देतो. बिटच्या (दगड फोडणाऱ्या टोकाच्या) मागे एमडब्ल्यूडी नावाचं टूल असतं, ते विहीर कुठल्या दिशेला चाललीये ते मडमधून पल्स पाठवून वर सांगतं. त्यातली इलेक्ट्रॉनिक्स आणि मोटरमधलं रबर उष्णतेने मरतं. समजा २०,००० फुटांवर टूलचा सिग्नल गेला. आता सगळा पाइप बाहेर काढायचा. पाइप तीन-तीन जोडून काढतात, एका स्टँडची लांबी साधारण ९३ फूट, म्हणजे २१५ स्टँड. एका स्टँडला अडीच मिनिटं धरली तरी नुसतं वर यायला नऊ तास. नवं टूल लावायचं, तपासायचं, परत तेवढाच वेळ खाली जायला, शिवाय खाली जाताना मधेमधे थांबून मड फिरवून ते गार करून घ्यावं लागतं, नाहीतर नवं टूलही तळाशी पोचेपर्यंत भाजून निघेल. म्हणजे एक सिग्नल गेला की एक दिवस गेला, आणि त्या दिवशी रिपोर्टवर एक फूटही खोदाई नाही. म्हणून तिथे मड चिलर लावतात, कधी रोटरी स्पीड मुद्दाम कमी ठेवतात. हे सगळं शेवटी "दर रिगमागे विहिरी" या आकड्यात कमी होऊन दिसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं लुईझियानाचे ड्रिलर संथ आहेत.

पण त्याच हेन्सव्हिलची विहीर चालू होते तेव्हा दिवसाला दोन-तीन कोटी घनफूट गॅस देऊ शकते. म्हणजे रिग महिन्याला एकच विहीर देते पण ती एक विहीर केवढी! डीजेची रिग महिन्याला चार-पाच विहिरी देते पण प्रत्येक लहान. दोघींची "प्रॉडक्टिव्हिटी" एका ओळीत लिहिली तर त्यातून ना रिग कळते ना दगड.

भागाकाराच्या खालच्या आकड्यातही गोम आहे, रिग काउंटमध्ये. बेकर ह्यूजचा जो आठवड्याचा काउंट सगळे वापरतात त्यात रिग विहिरीचं तोंड पाडल्यापासून टार्गेट खोलीपर्यंत पोचेस्तोवरच मोजली जाते. एका लोकेशनवरून दुसरीकडे चाललेली, उभी करत असलेली, वर्कओव्हर (जुन्या विहिरीची दुरुस्ती) किंवा टेस्टिंगला लावलेली रिग त्यात नसते. आता अ‍ॅपलेशियात, विशेषतः पेनसिल्व्हेनिया आणि वेस्ट व्हर्जिनियात, एक पद्धत पूर्वीपासून आहे: वरचा उभा भाग लहान स्वस्त रिग येऊन हवेवर खोदून जाते, म्हणजे मडऐवजी कॉम्प्रेस्ड एअर वापरून, कारण तिथले वरचे थर टणक असतात आणि हवेवर फार पटकन जातात. पॅडवरच्या सगळ्या विहिरींचे वरचे भाग झाले की मोठी रिग येते आणि फक्त वळण आणि आडवा भाग खोदते. लहान रिग काउंटमध्ये नीट येत नसेल तर सगळं श्रेय मोठ्या रिगच्या नावावर चढतं. अ‍ॅपलेशियाचा आकडा इतका उंच दिसतो त्यामागे मार्सेलसचा दगड उत्तम आहे हे मुख्य कारण आहेच, पण एक हिस्सा या कामाच्या वाटणीचाही आहे. किती, ते कंपनीनुसार बदलतं, त्यामुळे सरसकट दुरुस्तीचा आकडा मी देणार नाही.

आता दुसरा भाग, खोदलेलं ते चालू होतंच असं नाही. खोदून झाली पण फ्रॅक केली नाही अशा विहिरीला डीयूसी म्हणतात, बोलताना सगळे "डक" म्हणतात. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत तेलाच्या रिग्ज १,६०० च्या वर होत्या, भाव कोसळले आणि मे २०१६ मध्ये त्या ३१६ वर आल्या. पाचातल्या चार रिग्ज घरी गेल्या. उत्पादन? एप्रिल २०१५ च्या सुमाराला दिवसाला ९६ लाख बॅरल होतं ते २०१६ च्या तळाला ८५ लाखांच्या आसपास. साहजिकच दर रिगमागचा आकडा सगळीकडे उभा चढला आणि त्यावर "तंत्रज्ञानाची क्रांती" म्हणून भरपूर लिहिलं गेलं. तंत्रज्ञान सुधारलं होतं हे खरं, पॅड ड्रिलिंग आलं, फ्रॅकमध्ये वाळू वाढली, स्टेजेस (फ्रॅकचे टप्पे) जवळ आल्या. पण बरोबरीने दोन गोष्टी अशा झाल्या ज्यांचा तंत्रज्ञानाशी संबंध नाही. कंपन्यांनी कडेचे, कमी दर्जाचे ब्लॉक सोडले आणि फक्त मधला मलईदार भाग खोदला, आणि कमकुवत जुन्या रिग्ज व नवख्या क्रू आधी घरी गेल्या, सगळ्यात चांगल्या तेवढ्या उरल्या. सरासरी वाढली कारण वाईट गोष्टी मोजणीतून गेल्या. भाव परत चढला की यातला बराच फायदा उलटतो.

२०२० मध्ये तर हे अजून ठळक झालं. ऑगस्टमध्ये एकूण रिग काउंट २४४ वर आला, पण कंपन्या आधी खोदून ठेवलेले डक फ्रॅक करून चालू करत होत्या. वरचा आकडा जुन्या रिग्जच्या कामाचा, खालचा आकडा आजच्या थोड्या रिग्जचा, भागाकार अर्थातच आकाशाला भिडला. तो काळ तुमच्या तक्त्यात असेल तर तेवढे महिने वेगळ्या रंगात दाखवा किंवा सरळ गाळा.

ईआयए दोन महिने आधीच्या रिग काउंटने भागते, त्या अंतराचंही असंच. एकेकटी विहीर खोदायचे तेव्हा दोन-तीन महिन्यांत ती चालू व्हायची. आता पर्मियनमध्ये एका पॅडवर सहा, आठ, कधी त्याहून जास्त विहिरी आधी सगळ्या खोदतात, मग रिग हलते, मग फ्रॅक क्रू येते आणि सगळ्या एकत्र उघडतात. पहिल्या विहिरीचं तोंड पाडल्यापासून पहिलं तेल येईपर्यंत सहा-आठ महिने सहज जातात. रिग्जची संख्या स्थिर असेल तर अंतर चुकलं तरी बिघडत नाही, पण संख्या झपाट्याने वाढत किंवा घटत असेल तर चुकीच्या महिन्याच्या रिग्जने भागल्यासारखं होतं. म्हणून मी कधीही एका महिन्याचा आकडा बघत नाही, किमान बारा महिन्यांची सरासरी घेतो आणि ज्या भागात पॅड मोठे तिथे अंतर जास्त धरतो.

तिसरा भाग, विहीर स्वतः. इथे सगळ्यात मोठी दिशाभूल लॅटरलच्या, म्हणजे विहिरीच्या आडव्या भागाच्या, लांबीने होते. पर्मियनमध्ये आडव्या भागाची सरासरी लांबी २०१० मध्ये ४,००० फुटांपेक्षा कमी होती, २०२२ मध्ये ती १०,००० फुटांच्या वर गेली. म्हणजे "विहीर" हे एककच अडीच पट झालं. बाकेनमध्ये नॉर्थ डकोटातले स्पेसिंग युनिटच (विहिरींसाठी ठरवून दिलेला जमिनीचा तुकडा) दोन सेक्शनचे (एक सेक्शन म्हणजे एक चौरस मैल) असल्याने दोन मैलांची विहीर तिथे फार आधीपासून नेहमीची आहे, त्यामुळे बाकेनचा आलेख त्या काळात तेवढा चढलेला दिसत नाही आणि पर्मियनचा दिसतो. यातला किती भाग दगडाचा, किती कारागिरीचा आणि किती निव्वळ लांबीचा, हे दर फुटामागे उत्पादन काढल्याशिवाय कळत नाही.

आणि गंमत म्हणजे लांबी वाढवली की हाच आकडा उलटा फसवू शकतो. गोल आकडे घेऊन दाखवतो, हे समजायला घेतलेत, कुठल्याही भागाचे खरे नाहीत. दोन मैलांच्या विहिरीला हलवाहलव धरून १४ दिवस, पहिल्या महिन्यात रोज १,००० बॅरल. तीन मैलांच्या विहिरीला १७ दिवस, पहिल्या महिन्यात रोज १,२०० बॅरल. दीड पट का नाही? कारण सुरुवातीला मर्यादा येते ती पाइपच्या जाडीची, चोकची (विहिरीच्या तोंडाशी प्रवाह आवळणारा व्हॉल्व्ह), वरच्या सेपरेटरची (तेल, गॅस, पाणी वेगळं करणारी टाकी), आणि टोकाकडून तेल यायला वेळ लागतो. पहिली रिग महिन्याला २.१४ विहिरी देते, म्हणजे दर रिगमागे २,१४० बॅरल. दुसरी १.७६ विहिरी, म्हणजे साधारण २,१२०. ईआयएच्या पद्धतीने बघितलं तर तीन मैलांची रिग किंचित मागे पडली. आता वर्षभराचं बघा: समजा दोन मैलांची विहीर वर्षात २ लाख बॅरल देते आणि तीन मैलांची २.७ लाख, कारण तिची घट सावकाश आहे. मग रिगच्या एका महिन्याच्या कामातून पहिल्या पद्धतीत ४.२८ लाख बॅरल मिळाले आणि दुसऱ्यात ४.७५ लाखांच्या आसपास. निर्णयच फिरला ना? पहिल्या महिन्याचा आकडा वापरला की हे दिसतच नाही.

हेन्सव्हिलच्या बाबतीत याच्या उलट. तिथे सुरुवात जबरदस्त असते पण घटही तशीच खडी, त्यामुळे पहिला महिना बघून तुलना केली तर हेन्सव्हिलला फुकटचे मार्क मिळतात. काही कंपन्या तिथे मुद्दाम चोक घट्ट ठेवतात, कारण एकदम उघडलं तर प्रेशर पडून भेगा मिटतात आणि वाळू दगडात रुतते. म्हणजे त्याच दगडात, शेजारशेजारच्या दोन कंपन्यांचा पहिला महिना वेगळा येतो आणि दोन वर्षांनी बेरीज जवळपास सारखी असू शकते. हे सगळं ऑपरेटरच्या धोरणावर अवलंबून आहे, भागाच्या नावावरून ओळखता येत नाही.

आता तुमच्या तक्त्यातली सहाने भागायची गोष्ट, आणि मॅनेजरच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे. सहा हजार घनफूट गॅस बरोबर एक बॅरल, हे उष्णतेचं समीकरण आहे. बाजार त्या भावाने पैसे देत नाही. तेल ७० डॉलर बॅरल आणि गॅस अडीच डॉलर प्रति हजार घनफूट धरला तर एक बॅरल तेलाच्या पैशात २८ हजार घनफूट गॅस येतो, सहा हजार नाही. समजा अ‍ॅपलेशियाची रिग रोज २ कोटी ८० लाख घनफूट नवा गॅस देते आणि पर्मियनची १,३०० बॅरल तेल. सहाने भागून अ‍ॅपलेशिया ४,६६७ बॅरल-समतुल्य, म्हणजे साडेतीन पट पुढे. पैशात बघा: अ‍ॅपलेशिया ७०,००० डॉलर, पर्मियन ९१,०००. शिवाय अ‍ॅपलेशियाचा स्थानिक भाव बहुतेकदा हेन्री हबपेक्षा (लुईझियानातलं ठिकाण, जिथला भाव अमेरिकी गॅससाठी प्रमाण धरतात) खालीच असतो, आणि पर्मियनच्या विहिरीतून बरोबर येणारा गॅस आणि एनजीएल (गॅसमधून वेगळे होणारे प्रोपेनसारखे द्रव) मी अजून धरलेलंच नाही. रिग्ज पर्मियनमध्ये का जातात याचं उत्तर हे. रिग पैशाच्या मागे जाते, उष्णतेच्या मागे नाही.

पैशाशिवाय दुसरं कारण म्हणजे जागा. पर्मियनमध्ये एकावर एक थर आहेत, पश्चिमेकडच्या डेलावेअर भागात बोन स्प्रिंग आणि त्याखाली वुल्फकॅम्पचे थर, मिडलँडकडे स्प्रेबेरी आणि वुल्फकॅम्प. एकाच जमिनीवर अनेक मजले, त्यामुळे काम संपत नाही. तिथल्या विहिरींची सरासरी थोडी कमी दिसली तरी चांगल्या दर्जाच्या लोकेशन्सची संख्या जास्त आहे. आणि जिथे रिग्ज जास्त तिथे सरासरी आपोआप खाली ओढली जाते, कारण २०२४ मध्ये तिथे जवळजवळ ३०० रिग्ज होत्या, तेवढ्या सगळ्यांना सगळ्यात चांगलीच जागा मिळणार नाही. अ‍ॅपलेशियात २०२४ मध्ये पन्नासच्या आतच रिग्ज होत्या, त्यांना निवडून निवडून जागा मिळते. शेजारी आधीच विहीर असेल तर नवी विहीर कमी देते, कारण जुन्या विहिरीने आसपासचं प्रेशर खाल्लेलं असतं आणि नवा फ्रॅक तिकडेच धावतो. हा त्रास जिथे दाटी जास्त तिथे जास्त.

तिसरं कारण पाइपलाइन. अ‍ॅपलेशिया अमेरिकेच्या गॅसचा साधारण तिसरा हिस्सा देतं, पण तिथून बाहेर जायला वाटच अपुरी राहिली. न्यूयॉर्ककडे जाणारी कॉन्स्टिट्यूशन पाइपलाइन २०२० मध्ये रद्द झाली, माउंटन व्हॅली पाइपलाइन खूप रखडून जून २०२४ मध्ये सुरू झाली. अशा ठिकाणी रिग वाढवून करणार काय, गॅस ठेवणार कुठे? पर्मियनलाही हा त्रास आहेच, तिथे तेलासोबत येणारा गॅस इतका होतो की वेस्ट टेक्सासातल्या वाहा हब या गॅसच्या बाजारठिकाणी भाव कित्येकदा शून्याच्या खाली गेलेत, म्हणजे गॅस घेऊन जा म्हणून वर पैसे द्यायचे. पण तिथला ऑपरेटर तेलावर कमावतो म्हणून तो खोदत राहतो. हेन्सव्हिलचं वैशिष्ट्य असं की खोदाई महाग असली तरी ते गल्फ किनाऱ्यावरच्या एलएनजी (द्रवरूप गॅस) टर्मिनल्सच्या अगदी जवळ आहे. याचा धागा आपल्यापर्यंत येतो: गेल या आपल्या सरकारी गॅस कंपनीच्या दीर्घ मुदतीच्या करारातला पहिला अमेरिकी एलएनजी लुईझियानातल्या सबीन पासहून निघून मार्च २०१८ मध्ये आपल्या दाभोळला उतरला, आणि त्या कराराचा भाव हेन्री हबला बांधलेला आहे. त्यामुळे या रिग्जचं गणित आपल्याकडच्या गॅस खरेदी करणाऱ्यांनीही समजून घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट राहिली, ईगल फोर्डची. ईआयए तेलाची रिग आणि गॅसची रिग वेगळी धरत नाही, कारण बहुतेक विहिरींतून दोन्ही येतं. ईगल फोर्डमध्ये वायव्येकडे उथळ भागात तेल, मधे कंडेन्सेट (फार हलकं तेल), आणि खाली आग्नेयेकडे कोरडा गॅस असे पट्टेच आहेत. गॅसचा भाव चढला आणि काही रिग्ज खालच्या पट्ट्यात गेल्या की दर रिगमागचं तेल घसरलेलं दिसतं, तेलाच्या विहिरी जशा होत्या तशाच असतात. अ‍ॅनाडार्कोतही हीच अडचण. अशा मिश्र भागांची शुद्ध तेलाच्या बाकेनशी एका ओळीत तुलना करूच नका.

मग तुम्ही करायचं काय? माझ्या जागी मी एका तक्त्याऐवजी तीन ठेवतो. पहिल्यात फक्त रिग: रिगच्या दर दिवसामागे किती फूट खोदाई, आणि तोंड पाडल्यापासून रिग सुटेपर्यंत किती दिवस. यातही भागाभागांत तुलना करताना खोली आणि तापमान शेजारी लिहितो, आणि खरी तुलना एकाच भागातल्या कंपन्यांमध्ये किंवा त्याच भागाची मागच्या वर्षाशी करतो. दुसऱ्यात विहीर: १,००० फूट लॅटरलमागे सहा महिन्यांचं आणि बारा महिन्यांचं एकूण उत्पादन, तेल आणि गॅस वेगवेगळे, कोणत्या वर्षी चालू झाली त्यानुसार गट करून. तिसऱ्यात पैसे: विहिरीचा खर्च, स्थानिक भाव, आणि पहिल्या वर्षात खर्चाचा किती हिस्सा परत आला. मॅनेजरना एकच आकडा हवा असेल तर या तिसऱ्यातला द्या. मात्र तो भावाप्रमाणे दर तिमाहीत बदलेल हे आधीच सांगून ठेवा.

आणि जुन्या विहिरींची घट विसरू नका. पर्मियनमधून २०२४ मध्ये दिवसाला ६० लाख बॅरलच्या वर तेल निघत होतं, आणि नवी विहीर चालूच केली नाही तर दर महिन्याला त्या रोजच्या उत्पादनातून काही लाख बॅरल गळतात. तिथल्या रिग्जचा मोठा भाग नुसतं आहे तिथे टिकून राहण्यासाठी फिरतो. म्हणून "दर रिगमागे उत्पादन वाढलं" आणि "भागाचं उत्पादन वाढलं" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, रिपोर्टमध्ये ती एकत्र लिहू नका.

डेटा घेताना काही गोष्टी सांभाळा, कारण राज्याराज्यात नोंदी वेगळ्या. टेक्सासमध्ये रेलरोड कमिशनकडे (नाव रेल्वेचं असलं तरी तेल-गॅसचं नियमन करणारी राज्याची संस्था) तेलाचं उत्पादन विहिरीनुसार नसतं, लीजनुसार (भाडेपट्ट्याच्या जमिनीनुसार) असतं, एका लीजवर दहा विहिरी असतील तर एका विहिरीचा आकडा कोणीतरी वाटणी करून काढलेला असतो. विकत घेतलेल्या डेटाबेसमध्येही तो अंदाजच आहे, वाटणी कशी केली ते व्हेंडरला विचारून घ्या. नॉर्थ डकोटात विहिरीनुसार स्वच्छ नोंद मिळते पण नवी विहीर सहा महिने गोपनीय ठेवता येते, त्यामुळे अलीकडच्या महिन्यांत बाकेनच्या काही विहिरी तुम्हाला दिसणारच नाहीत. फ्रॅक कधी झालं याची तारीख फ्रॅकफोकस या सार्वजनिक नोंदींच्या वेबसाइटवर मिळते, ती आणि पहिल्या उत्पादनाची तारीख जुळवून बघितली की त्या भागातलं खरं अंतर तुम्हाला स्वतःलाच काढता येईल, मग ईआयएचे दोन महिने डोळे झाकून घ्यायची गरज उरत नाही.

सुरुवात बाकेनपासून करा असं मी सुचवेन. एकच मुख्य द्रव, बऱ्यापैकी सारखी लांबी, विहिरीनुसार नोंद. तिथे तुमची पद्धत नीट बसली की मग डेलावेअर आणि मिडलँड वेगवेगळे करून पर्मियनला हात घाला, दोन्ही एकत्र "पर्मियन" म्हणून घेऊ नका, खोली, प्रेशर, पाण्याचं प्रमाण सगळंच वेगळं आहे. तुमच्या डेटामध्ये लॅटरलच्या लांबीचा कॉलम आहे का आणि तारखा कुठल्या आहेत, तोंड पाडल्याची की पहिल्या उत्पादनाची, एवढं इथेच लिहा, म्हणजे सामान्यीकरणाचं सूत्र नेमकं कसं लावायचं ते सांगता येईल.